वलगावला राहिलेला पलंग

माझ्या पायथ्याशी एक वाकडा दांडा आहे, मित्रांनो. तो फिरवला की माझी उशाकडची बाजू हळूहळू वर उठते. दिवसभर छताकडे पाहून कंटाळलेल्या माणसाला मग दार दिसते, दारातून अंगण दिसते, अंगणातून येणारे-जाणारे दिसतात. एवढेच माझे काम. दवाखान्यात असतो तसला मी एक जुना लोखंडी पलंग आहे आणि आज तुम्हाला माझी हकीकत सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे उभाच आहे. चार पायांवर उभे राहण्यापलीकडे मला दुसरे काही येत नाही.

माझा जन्म अकोल्याचा. तिथल्या एका वेल्डिंगच्या कारखान्यात मला जोडले, घासले आणि पांढरा रंग दिला. माझ्यासोबत तयार झालेले भाऊ कुठे कुठे गेले, मला ठाऊक नाही. मी अकोल्यातल्याच एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथे बरीच वर्षे काढली. पुढे त्या दवाखान्यात बटण दाबले की उठणारे पलंग आले, आणि मला भंगारवाल्याच्या आवारात, पत्र्यांच्या आणि सायकलींच्या ढिगावर उलटे टाकले. दोन पावसाळे मी आभाळाकडे पाय करून काढले. माझा दांडा गंजून जाम झाला.

तिथे मला काही कामाने अकोल्याला आलेल्या देवमनभाऊंनी पाहिले. देवमनभाऊ म्हणजे एसटीच्या अमरावती डेपोत जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त होऊन ते भातकुलीला आपल्या गावी राहत होते. गावातल्या दहा-वीस लोकांनी मिळून स्नेहधारा सेवा क्लब काढला होता. त्यात शिक्षक होते, दुकानदार होते, शेतकरी होते आणि देवमनभाऊ होते. क्लबजवळ कुबड्या, वॉकर आणि एक चाकाची खुर्ची होती. गावात कोणी आजारी पडले की या वस्तू फुकट वापरायला द्यायच्या, असे त्यांचे काम. पलंग मात्र नव्हता. देवमनभाऊंनी भंगारवाल्याशी हुज्जत घालून मला सोडवले, मालवाहू रिक्षात घालून भातकुलीला आणले आणि अंगणात पाडून माझा सांधा न् सांधा मोकळा केला. दांडा पहिल्यांदा फिरला तेव्हा मी इतका करकरलो की शेजारची माणसे बाहेर आली.

"लय दिसाचा मुका होता, आता बोलून राहिला," देवमनभाऊ म्हणाले.

त्यांच्या बायकोचे नाव दुर्गाबाई. त्या ओट्यावर बसून हे सगळे पाहत होत्या. माझ्या अंगावरच्या पट्ट्या टोचतील म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची एक जाड गोधडी शिवायला घेतली. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, सरळ टाके. त्या गोधडीसकट मी क्लबच्या टिनाच्या खोलीत गेलो. पुढे मी कुठल्याही घरून परत आलो की दुर्गाबाई ती गोधडी घेऊन जात, गरम पाण्यात धूत, उन्हात वाळवत आणि उसवलेले टाके पुन्हा घालून परत आणत. क्लबच्या सभासदांच्या यादीत त्यांचे नाव कधीच नव्हते.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. क्लबची सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्याच खोलीत भरायची. आधी प्रार्थना, मग कामाचे बोलणे, मग चहा आणि आलूबोंडे. मी भिंतीला लागून असायचो. खुर्च्या कमी पडल्या की चार-पाच जण माझ्यावर बसायचे आणि अध्यक्ष अमोलभाऊ म्हणायचे, "उठा वो, पेशंट नाई तुमी." अमोलभाऊंचे बी-बियाण्यांचे दुकान होते. माणूस हौशी. कोजागिरीचे दूध, हळदीकुंकू, मुलांच्या स्पर्धा, सगळे त्यांच्याच उत्साहाने व्हायचे. एकदा तर अमरावतीच्या मोठ्या कार्यक्रमात मला झेंडूच्या माळा घालून स्टेजवर उभे केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो पेपरात आला.

पण लोक ज्याची खरी वाखाणणी करत ती गोष्ट वेगळी होती. क्लबची एक रीत होती. वस्तू ज्या घरी असेल त्या घरी दर रविवारी दोन सभासदांनी जायचे. थोडी फळे न्यायची, घटकाभर बसायचे, इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या. वस्तू परत आली की ते जाणे संपायचे आणि सभासद पुढच्या घरी जायला लागायचे. ही रीत देवमनभाऊंनी पाडली होती. नुसते लोखंड पोचवून देणे ही काही सेवा नाही, असे ते म्हणत.

त्या रीतीला त्यांनीच एक नियम जोडला. झाले असे की एका घरी एक म्हातारे गृहस्थ माझ्यावर पडून होते. नव्या सभासदाने सहज त्यांच्या सुनेला विचारले की पलंग कधी परत मिळेल. ती बाई पदर तोंडाला लावून आत गेली आणि रडायला लागली. पलंग कधी परत देता म्हणजे तुमचा माणूस कधी जातो, असेच तिला ऐकू आले. देवमनभाऊंना ते फार लागले. पुढच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले की यापुढे क्लबच्या माणसाने हा प्रश्न कोणत्याच घरी, कोणत्याच शब्दांत विचारायचा नाही. ज्याला वाटेल तो आपणहून परत देईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवून नियम मान्य केला. मीही मनात वाजवल्या.

त्या नियमाने पुढे काय केले, ते आता सांगतो.

वलगावजवळ भगवंत नावाचे एक शेतकरी राहत. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायचे आणि अमरावतीच्या बाजारात न्यायचे. त्यांच्या आई पार्बताबाई ओल्या वाफ्यात घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. अमरावतीला ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले की पावसाळा सरेपर्यंत झोपून राहावे लागेल, मग हळूहळू चालता येईल. भगवंत भातकुलीला क्लबच्या लोकांना भेटले आणि मी त्यांच्या भाजीच्या टेम्पोत बसून वलगावला गेलो.

मला खिडकीजवळ ठेवले. भगवंत आणि त्यांची बायको उजाडायच्या आत भाजी घेऊन निघत. परत आले की मळ्यात जात. संध्याकाळी थकून येत, आईला जेवू घालत, औषध देत आणि झोपत. त्यांनी हयगय केली असे मी म्हणणार नाही. पण दिवसभर पार्बताबाईंशी बोलायला खिडकीवरच्या चिमण्यांशिवाय कोणी नसायचे.

मग रविवार यायचा. देवमनभाऊ आणि रश्मीताई यायचे. रश्मीताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत, क्लबात नवीनच होत्या. देवमनभाऊंच्या हातात संत्र्यांची पिशवी असायची. फाटकाचा आवाज झाला की पार्बताबाई डोक्यावरचा पदर सारखा करत.

"आज एसटी लेट झाली वाटते," त्या म्हणत.

"एसटी टायमावर हाय, आई. तुमचं घड्याळ पुढं हाय," देवमनभाऊ म्हणत आणि माझा दांडा फिरवून त्यांना बसते करत. मग संत्री सोलत सोलत तासभर बोलणे चाले. पार्बताबाई आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगत. मळ्यात पूर्वी कोणत्या विहिरीला किती पाणी होते, सासूने पहिल्या दिवशी काय टोमणा मारला होता. देवमनभाऊ डेपोतल्या गमती सांगत. रश्मीताई हसून हसून डोळे पुसत. ते निघाले की पार्बताबाई संत्र्याची सालेही लगेच टाकू देत नसत. वासासाठी उशाशी ठेवत.

दिवाळी झाली. एके दुपारी घरात कोणी नसताना पार्बताबाईंनी खिडकीचा गज धरला, पाय खाली सोडले आणि उभ्या राहिल्या. मला आधी वाटले त्या पडतात. पण त्या माठापर्यंत गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी अंगणापर्यंत गेल्या. हळूहळू त्या रोज दुपारी चालू लागल्या. फाटक वाजले की मात्र लगबगीने येऊन माझ्यावर आडव्या होत आणि गोधडी अंगावर ओढून घेत.

त्या स्वतःशीच बोलत. एकदा गोधडीची उसवलेली कड हाती घेऊन हिरव्या दोऱ्याने टाके घालत त्या म्हणाल्या, "पलंग गेला का माणसंही गेले."

तेव्हा मला कळले. मी रागावलो नाही, मित्रांनो. लबाडी म्हणण्यासारखे त्यात मला काही दिसले नाही. क्लबच्या रीतीत माणसे पलंगाच्या पाठीमागे येतात हे त्यांनी बरोबर ओळखले होते. कोणी त्यांना कधी म्हटले नव्हते की पलंग परत केला तरी आम्ही येऊ.

याच दिवसांत देवमनभाऊंच्या चेहऱ्यावर एक थकवा दिसू लागला. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी तुटलेली. पार्बताबाईंनी एकदा विचारलेही की मालकीण सदऱ्याकडे पाहत नाही का. ते हसले आणि म्हणाले की तिचा हात दुखतो.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा पार्बताबाई खरोखरच झोपल्या होत्या. रात्री खोकला झाला म्हणून सुनेने जाताना औषध दिले होते. दोघे माझ्याजवळ बसून राहिले. मग रश्मीताई हळू आवाजात बोलू लागल्या आणि मला सगळे समजले.

दुर्गाबाईंना लकवा मारला होता. एक अंग गेले होते. घरातल्या लाकडी दिवाणावर त्या सपाट पडून असत. डोके उंच करता येत नसल्यामुळे घास घशात अडकायचा आणि ठसका लागायचा. पाठीला जखमा झाल्या होत्या. देवमनभाऊ त्यांना उचलून बसवत, पण तेही आता सत्तरीला आले होते. अमरावतीहून भाड्याने पलंग आणू, असे रश्मीताई म्हणाल्या होत्या. पण दुर्गाबाईच नको म्हणाल्या. पावसाळा सरला, वलगावच्या आई आता उठतीलच, आपल्या क्लबचा पलंग येईल, त्यावर माझी गोधडी आहे, असे त्यांचे म्हणणे. या रविवारी नाही तर पुढच्या. दोघेही नवरा-बायको असे रविवार मोजत बसले होते.

"मीटिंगमध्ये दुसरा पलंग घ्यायचा विषय निघाला होता ना, भाऊ," रश्मीताई म्हणाल्या. "अमोलभाऊंनी स्टँडजवळच्या स्वागत कमानीचं काढलं आणि सगळे कमानीवर गेले. तुम्ही एक शब्द बोलला नाही."

"माह्याच घरचं काम होतं ते. मी कोन्या तोंडानं बोलू?"

"मग मी यांना विचारते. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत होऊन गेली आता."

"नाई," देवमनभाऊ म्हणाले. "इचाराचं नाई. तो नियम दुसऱ्यायसाठी पाळाचा अन् माह्या बायकोसाठी मोडाचा, असं कसं?"

त्यांनी संत्री सोलली, फोडी वाटीत ठेवल्या, वाटीवर झाकण घातले आणि ते निघून गेले. मी तिथेच होतो. माझ्यावर झोपलेल्या बाईचे एक गुपित मला माहीत होते आणि जाणाऱ्या माणसाचे दुसरे. दोन्ही एका वाक्यात जोडले असते तर सारे सुटले असते. पण माझ्याकडे करकरण्याशिवाय आवाज नाही, आणि तोही देवमनभाऊंनी तेल घालून बंद केला होता.

त्यानंतरच्या रविवारी ते आले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. संत्री आणली, गमती सांगितल्या. पार्बताबाईंनी माझ्यावर पडून त्या ऐकल्या.

मग एका रविवारी रश्मीताई एकट्याच आल्या. पिशवी खाली ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"देवमनभाऊ काहून नाई आला?" पार्बताबाईंनी विचारले.

रश्मीताईंनी आधी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मग त्यांना राहवले नाही. त्या म्हणाल्या की दुर्गावहिनींची तब्येत फार बिघडली आहे. लकवा आहे, पाठीच्या जखमा चिघळल्या आहेत, दोन दिवसांपासून अन्न जात नाही.

"त्यानं तर हात दुखते म्हनलं होतं." पार्बताबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अन् मंग तिले पलंग काहून नाई देल्ला क्लबनं? सगळ्यायले देतात."

रश्मीताईंनी फक्त खाली पाहिले, माझ्याकडे. माझ्या रंग उडालेल्या पायाकडे.

पार्बताबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गोधडी बाजूला केली, दोन्ही पाय खाली सोडले आणि रश्मीताईंच्या देखत उभ्या राहिल्या. कुठेही न धरता त्या दारापर्यंत गेल्या आणि मळ्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"भगवंता, गाडी काढ रे. पलंग नेऊन द्याचा हाय."

भगवंत हातातला विळा तसाच घेऊन धावत आले आणि आईला दारात उभी पाहून थबकले. मग विळा खाली टाकून ते गाडीकडे वळले. विचारण्यासारखे फार होते, पण वेळ नव्हता.

मला टेम्पोत घातले. गोधडी पार्बताबाईंनी घडी करून स्वतःच्या मांडीवर घेतली. भगवंतांजवळ पुढच्या सीटवर त्या बसल्या. रश्मीताई मागे मला धरून उभ्या होत्या. वलगावपासून भातकुलीपर्यंत भगवंतांनी गाडी कुठे थांबवली नाही. नव्या कमानीचे खांब स्टँडजवळ उभे राहिले होते, त्यांच्या मधून आम्ही गेलो.

देवमनभाऊंच्या घरासमोर माणसे उभी होती. बायका ओट्यावर बसल्या होत्या. रश्मीताईंचा माझ्यावरचा हात सैल झाला. मी वाटेवर असतानाच दुर्गाबाई गेल्या होत्या.

मला टेम्पोतून उतरवायची कोणाला गरज उरली नव्हती.

पार्बताबाई खाली उतरल्या. गर्दीने वाट दिली. देवमनभाऊ दाराशी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी वर पाहिले. आधी टेम्पोत मला पाहिले, मग स्वतःच्या पायांनी चालत येणाऱ्या पार्बताबाईंना पाहिले. इतक्या रविवारांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत उतरताना मी पाहिला. पार्बताबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी नुसती गोधडी पुढे केली.

देवमनभाऊंनी गोधडी घेतली. मग ते म्हणाले, "चालता येते तुमाले? बरं झालं, आई."

पार्बताबाई तिथेच खाली बसल्या.

मी असतो तर दुर्गाबाई वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. मी पलंग आहे, डॉक्टर नाही. पण मी असतो तर त्यांचे डोके उंच राहिले असते, घास सरळ उतरला असता, आणि आपल्या अंगणातला उजेड त्यांना दिवाणावरून नाही तर बसून पाहता आला असता. एवढे मी नक्की देऊ शकलो असतो. तेवढे देण्यासाठीच मला घडवले होते.

दुर्गाबाईंच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली. नंतरच्या पहिल्या रविवारी क्लबची सभा भरली. त्या दिवशी माझ्यावर कोणी बसले नाही. अमोलभाऊंनी उभे राहून दोन शब्द सांगितले. ते मनापासून बोलत होते, ते नाटक नव्हते. ते म्हणाले की दुर्गाबाईंनी इतकी वर्षे क्लबची सेवा केली, तर कमानीवर त्यांचे नाव टाकावे. लोकांनी माना हलवल्या.

देवमनभाऊ उठले. माझ्या पायथ्याशी येऊन त्यांनी दांड्यावर हात ठेवला.

"नाव नका टाकू," ते म्हणाले. "कमानीखालून ते कधी जातच नव्हती, तिले अंगनाबाहेरचं काम कमीच. मी मांगं एक नियम केला होता. तुमी टाया वाजवल्या होत्या. तो नियम आजपासून बंद करा. इचारत जा. कोन्याही घरी गेले का सरळ इचारा, आई, पलंग लागते का आणखी? अन् त्याच्यासंगं हेही सांगा, का नसन लागत तरी आमी येऊ. हे दुसरं पह्यले सांगा. ते सांगतलं नाई म्हनून पह्यलं कोनाले इचारता आलं नाई."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. चहाही तसाच गार झाला.

मित्रांनो, मी आता पुन्हा टिनाच्या खोलीत आहे. कमान पूर्ण झाली, तिच्यावर कोणाचेच नाव नाही. दुसरा पलंग अजून आलेला नाही, येईल म्हणतात. मी मधल्या काळात आणखी एका घरी जाऊन आलो. गोधडी आता देवमनभाऊ स्वतः धुतात. वाळवून आणली की माझ्यावर अंथरतात आणि कडेवरून हात फिरवतात. बारीक पांढऱ्या टाक्यांवरून त्यांचा हात हळू जातो. हिरवे टाके लागले की थांबतो. ते टाके मोठे आहेत, वाकडेतिकडे आहेत. देवमनभाऊंनी ते उसवले नाहीत.

रविवारी ते संत्र्यांची पिशवी घेऊन निघतात. कोणी विचारले कुठे, तर वलगावला म्हणतात. तिथे आता क्लबची कोणतीच वस्तू नाही. रश्मीताईंनी सांगितले की पहिल्या वेळी पार्बताबाई देवमनभाऊंना पाहून आत निघून गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. ते ओट्यावर बसले, संत्री सोलली, फोडी वाटीत ठेवल्या आणि परत आले. असे बऱ्याचदा झाले. अलीकडे पार्बताबाई दाराच्या आत बसतात आणि ते दाराबाहेर बसतात. बोलणे फारसे होत नाही.

तुमच्या गावातही अशा वस्तू असतील. कोणाकडून आणलेल्या खुर्च्या, काठ्या, पलंग. काम झाले की त्या वेळेवर परत करा, कारण त्यांची कोणीतरी आडवे पडून वाट पाहत असते आणि सांगत नसते. आणि तुमच्या घरून एखादी वस्तू परत गेली, किंवा तुम्ही एखादी परत आणलीत, तर त्या घरची वाट विसरू नका. वस्तू नसतानाही जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल.

माझा दांडा आता पुन्हा थोडा करकरतो. देवमनभाऊ तेलाची डबी घेऊन येतात, दांडा एकदा फिरवून पाहतात, माझी रिकामी उशाकडची बाजू वर उठते. ते तसेच थोडा वेळ पाहत राहतात. मग तेल न घालताच डबी खिशात ठेवतात आणि निघून जातात.

त्यांनी तेल घालू नये, असे मलाही वाटते.